झाड कधी उपटायचं?
उन्हाळी टोमॅटोचा शेवट आणि अडसालीची सुरुवात



मृग लागला की आपल्या नारायणगाव पट्ट्यात दुधाच्या रांगेत, पारावर, शेतकी गटाच्या ऑफिसात एकच प्रश्न कानावर येतो, "प्लॉट ठेवला का मोडला?" प्लॉट म्हणजे उन्हाळी टोमॅटोचा, हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारीत लावलेली रोपं, एप्रिलअखेर पहिला तोडा आणि जूनमध्ये झाडांची अशी अवस्था की धड हिरवी नाहीत, धड वाळलेली नाहीत. खाली पिवळी पानं, वर चार फुलं. फूल दिसलं की शेतकऱ्याचा हात मागे येतो. आणि नेमक्या त्याच रानात आपल्याला अडसाली उसाची लागण करायची असते.

या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोन वर्षं चुकलो. एकदा घाई करून आणि एकदा रेंगाळून. तिसऱ्या वर्षी ते सापडलं ते थेट चंद्रपूर जिल्ह्यात, घुग्घुसला, एका मावशींच्या परसात. तीच हकीकत सभासदांपुढे मांडतो. कुणाचा एक हंगाम वाचला तरी लिहिल्याचं सार्थक झालं.

दोन वर्षांच्या दोन चुका

एप्रिल-मे २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. कित्येकांनी माल बांधावर ओतला. आम्हीही वैतागलो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तीस गुंठ्यांचा प्लॉट मोडून टाकला. झाडं निरोगी होती, फळांनी लगडलेली होती, तोडा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. शहरात किरकोळीचा दर शंभरीपार. दिल्लीकरांना ९० रुपये किलोने टोमॅटो देण्यासाठी केंद्र सरकारला नाफेड आणि एनसीसीएफमार्फत आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून माल उचलावा लागला. ज्यांनी प्लॉट राखले त्यांचं सोनं झालं. आम्ही मात्र कपाळाला हात लावून बसलो. मग ज्यांनी तो भाव पाहून जुलैत घाईघाईने रोपं लावली, त्यांचा माल सप्टेंबरात आला तेव्हा टोमॅटो पुन्हा मातीमोल झाला होता.

पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. २०२४ साली आम्ही पण केला की यंदा काही झालं तरी प्लॉट मोडायचा नाही. जूनच्या शेवटी झाडं थकली. करपा खालून वर चढला, शेंड्याची पानं वळली. सौ. म्हणाल्या, "अहो, आता काय राहिलंय त्यात? रान मोकळं करा." आम्ही म्हटलं, "गेल्या वर्षीचं विसरलात वाटतं!" जुलैत भाव खरोखरच बरा होता. पण झाडावर माल कुठे होता? तोड्याला निघायची ती गोल्टी आणि पावसाने तडकलेली फळं. व्यापारी क्रेटमध्ये हात घालायचा आणि निम्मा माल बाजूला काढायचा. तरी आम्ही थांबलो. पुढच्या तोड्याला सुधारेल, त्याच्या पुढच्याला सुधारेल, असं करत ऑगस्टची वीस तारीख उजाडली.

मग प्लॉट मोडला, पण पावसाने रानाला वाफसा येईना. सऱ्या पडेनात. अडसालीची तारीख टळली होती. रान दोन महिने तसंच गवतात पडलं आणि शेवटी दिवाळीच्या सुमारास पूर्वहंगामी लागण झाली. कारखान्यात लागणीची नोंद मागची, म्हणून तोडही मागची. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज आम्ही नवं-जुनं करून ओढलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवून तरी काय उपयोग?

घुग्घुसच्या मावशी

आमचे मेहुणे घुग्घुसला कोळसा खाणीत नोकरीला. एप्रिल २०२५ च्या शेवटी त्यांच्याकडे लग्नानिमित्त जाणं झालं. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठचं हे गाव. एका बाजूला खाणी, एका बाजूला सिमेंटचा कारखाना, आणि भोवती कापूस, सोयाबीन, तुरीची शेती. जवळच वढ्याला वर्धा आणि पैनगंगेचा संगम आहे. उन्हाचं काय सांगावं! पारा ४५ च्या घरात. दुपारी दहा पावलं चाललं तर चपलेतून चटका बसावा. झाडांच्या पानांवर कोळशाची बारीक काळी धूळ.

मेहुण्यांच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांच्या घरामागे सांदवाडी, म्हणजे परसातली लहानशी बाग. तिच्यात दिवाळीनंतर लावलेली वीस-पंचवीस टोमॅटोची झाडं. तिकडे टोमॅटोला भेद्रं म्हणतात. सकाळी सातला पाहतो तर मावशी ती झाडं एकेक करून उपटत होत्या. झाडं हिरवी होती, वर पिवळी फुलंसुद्धा होती. आमच्यातला शेतकरी कळवळला.

"अहो मावशी, फुलं आहेत की अजून!"

"फुलं हायेत जी, पन फळ कुठं धरते? आठ दिवसापासून पाहून राह्यली मी. सकाळी फूल, संध्याकाळी खाली." त्यांनी एका फुलाला बोटाने टिचकी मारली. देठासकट गळून पडलं.

"मग पाऊस येईपर्यंत ठेवायची. गारवा आला की धरतील."

"तवापर्यंत पानी कोन पाजंल? रोज दोन गुंड पानी पेते ते झाडं. तेवढ्या पान्यात माहे दोन टाइमचे भांडे निघते."

आम्ही गप्प झालो. तीस गुंठ्यांच्या ठिबकचं पाणी, खत, औषध आम्ही दीड-दोन महिने थकलेल्या झाडांना पाजलं होतं. ते कशाच्या बदल्यात, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. या बाईने दोन गुंडांचा केला होता.

पुढचं कामही पाहण्यासारखं होतं. मावशींनी हिरव्या फळांचे दोन ढीग केले. एक मोठं फळ विळीवर मधोमध चिरलं. आतला गर लुसलुशीत होता आणि बिया पात्याखालून निसटल्या, एकही बी चिरली गेली नाही. "हे पिकते," म्हणाल्या. त्या आकाराची, तशाच तुकतुकीत सालीची फळं तणसात घालून खाटेखाली ठेवली. दुसरं लहान फळ चिरलं तर बियाच कापल्या गेल्या. ती फळं चटणीला. झाडं बाहेर टाकली, वाफा खणून शेणखत पसरलं आणि माती उन्हात तापायला उघडी ठेवली. मृगाच्या पावसावर तिथे कोहळ्याचा वेल चढणार होता.

झाड स्वतःहून सांगत नाही

घरी आल्यावर आम्ही या गोष्टीचा नीट विचार केला, जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं. मावशींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं.

गहू पिकला की आपोआप वाळतो, हरभरा घाटे भरले की झडतो. टोमॅटोचं तसं नाही. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झाड. थंडीने मारलं नाही तर ते वर्षानुवर्षं जगू शकतं. त्यामुळे "माझं संपलं" असं ते कधीच म्हणत नाही. अर्धमेलं झालं तरी शेंड्याला फूल काढतं. इंग्लंड-अमेरिकेत परसात टोमॅटो लावणाऱ्यांना उन्हाळ्याच्या शेवटी हाच पेच पडतो, पण त्यांचा निकाल हिम लावतं. एका रात्रीत झाड काळं पडतं. आपल्याकडे तो निकाल आपणच लावायचा असतो, म्हणून तर चूक होते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही तापलेली राहिली की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. रात्रीची उष्णता तर दिवसाच्या उष्णतेइतकीच घातक. म्हणून घुग्घुसला एप्रिलअखेर फूल असून नसल्यासारखं. आपल्याकडे जुन्नर भागात रात्री त्यामानाने गार, म्हणूनच उन्हाळी टोमॅटो साधतो. फळ ३० अंशांच्या वर राहिलं तर त्याला लाल रंग धरत नाही, पिवळट-नारिंगी राहतं, हेही आपण मे महिन्यात पाहतोच.

तिसरी गोष्ट दिवसांची. फुलाचं पिकलेलं फळ व्हायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे आज दिसणारं फूल हा आजचा माल नव्हे. ते दीड महिन्यानंतरचं पीक आहे, आणि तेही झाड तोवर धडधाकट राहिलं तर. आम्ही २०२४ च्या जुलैत ज्या फुलांकडे पाहून थांबलो होतो, ती ऑगस्टच्या अखेरीशिवाय पैसा देणार नव्हती. तोवर झाड कुठे होतं आणि आमची अडसाली कुठे होती!

आता दोन्ही वर्षं शेजारी ठेवून पाहा. २०२३ ला झाड तरणं होतं, फळ होतं, आणि आम्ही ते मोडलं. २०२४ ला झाड म्हातारं होतं, फळ नव्हतं, आणि आम्ही ते राखलं. दोन्ही वेळा आम्ही विचारलं बाजाराला. झाडाला विचारलंच नाही. भाव बाजारात असतो, पण माल झाडावर लागतो.

मोजायचं कसं?

मोडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी प्लॉटचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी दहा-दहा झाडं घ्यावीत. लिंबापेक्षा मोठी, निरोगी, विकण्याजोगी फळं तेवढी मोजावीत. फुलं मोजू नयेत. पन्नास झाडांची सरासरी काढावी.

उदाहरण म्हणून आमच्यासारखा तीस गुंठ्यांचा प्लॉट घ्या. पाच फूट बाय दीड फुटावर लागण, म्हणजे सुमारे ४३०० झाडं. फळाचं वजन ८० ग्रॅम धरलं आणि झाडाला सरासरी पाच फळं असली तर अजून सतराशे किलो, म्हणजे ८५ च्या आसपास क्रेट माल शिल्लक आहे. राखायला हरकत नाही. सरासरी एकच फळ निघालं तर मात्र साडेतीनशे किलोही नाही. सतरा क्रेट! तेवढ्यासाठी रान अडवून ठेवायचं का, हे ज्याचं त्याने पाहावं.

तोड्याचा खर्चही मांडावा. समजा, पंचवीस क्रेटच्या तोड्याला आठ बाया, प्रत्येकी ४०० रुपये रोज, म्हणजे ३२००. वाहतूक-हमाली क्रेटला ३० प्रमाणे ७५०. आठवड्याची फवारणी आणि खत २५००. एकूण ६४५०, म्हणजे क्रेटला २५८ रुपये खर्चच आहे. माल निम्मा झाला, बारा क्रेट निघाले, तर बाया निम्म्या होत नाहीत, कारण चार फळं शोधायलाही तेवढंच चालावं लागतं. सहा बायांचे २४००, वाहतूक ३६०, फवारणी तीच २५००. एकूण ५२६०, म्हणजे क्रेटला ४३८. भाव तोच राहिला तरी आपण तोट्यात गेलो. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, रीत हीच.

अडसालीच्या तारखेपासून मागे या

अडसालीची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट अशी आहे. पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. ज्या रानात पूर्वहंगामी किंवा सुरू लागण धरायची आहे, तिथे टोमॅटो जुलैभर राखायला वाव आहे. झाड चांगलं असेल तर जरूर राखा. अडसालीच्या रानात मात्र तारीख हातात धरून मागे मोजावं.

बांबू, तारा, सुतळी काढायला चार-पाच दिवस. मल्चिंगचा कागद, झाडं आणि मुळ्या काढायला तितकेच. मग नांगरट, शेणखत, सऱ्या, आणि आषाढातल्या पावसात वाफशाची वाट पाहण्यात जाणारे दिवस वेगळे. सगळं धरून तीन-चार आठवडे हाताशी हवेत. एक ऑगस्टला बेणं सरीत पडायचं असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्लॉट मोडला पाहिजे. आणि पाच जुलैला झाड जाणार असेल, तर वीस मेनंतर उमललेल्या फुलाचं फळ आपल्याला मिळणार नाही. म्हणून त्या सुमारास शेंडे खुडावेत. झाडाचा जोर धरलेल्या फळांत उतरतो आणि शेवटचे तोडे भारी निघतात.

रोगाचं झाड मात्र कुठल्याही तारखेची वाट पाहणारं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळांवर रंगांचे पट्टे पडले, लोक त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. तो मावा या किडीमार्फत पसरतो. पानं गुंडाळणारा विषाणू पांढरी माशी नेते. विषाणूवर औषध नाही. असं झाड दिसताक्षणी काढावं, मग भाव कितीही असो.

मोडताना घ्यायची काळजी

पांढरी माशी असलेला प्लॉट तसाच उपटला तर झाड वाळताच माशी शेजाऱ्याच्या कोवळ्या रोपांवर जाते. म्हणून आधी तिचा बंदोबस्त करावा, मग झाडं काढावीत. भाऊबंदकी आधीच पुरेशी आहे, तिच्यात ही भर नको.

उपटलेली झाडं आणि किडकी फळं बांधावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. २०१४ साली पुणे भागात पहिल्यांदा दिसलेली टुटा ही नागअळी अशा ढिगातच वाढते. खोल खड्ड्यात पुरावं हे उत्तम. फवारलेला पाला जनावरांपुढे टाकू नये. झाड काढताना मुळी पाहावी. मुळीवर गाठी असतील तर सूत्रकृमी आहे असं समजावं आणि त्या रानात लगोलग वांगी, मिरची, बटाटा घेऊ नये. 

मल्चिंगचा तुकडाही रानात ठेवू नये, तो पुढे उसाच्या मुळ्यांत अडकतो. ठिबकच्या नळ्या मात्र गुंडाळून ठेवाव्यात. पाच फुटी गादीवाफ्याच्या नळ्या पाच फुटी सरीला तशाच बसतात. जून, तुकतुकीत हिरवी फळं मावशींच्या रीतीने एखादं चिरून पाहावं. बी निसटलं तर ती घरात पिकतात. चार क्रेट तरी हातात येतात.

२०२५ ची गोष्ट आणि एक सूचना

घुग्घुसहून आलो त्या २०२५ सालच्या मेमध्ये वळवाने झोडपलं आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. आमच्या प्लॉटमध्ये पाणी साचलं, करपा उठला. जूनच्या मध्यावर पन्नास झाडं मोजली. सरासरी दीड फळ. पोटात कालवलं. रात्री झोप लागली नाही, २०२३ आठवत राहिलं. सकाळी सौ.ना म्हटलं, "मोडतो." त्या काही बोलल्या नाहीत, विळा घेऊन पुढे झाल्या. पुढचे तोडे झाले असते तर चार पैसे मिळालेही असते, हे कबूल. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागण झाली, वेळेत नोंद झाली, उगवण एकसारखी आली, नांग्या फार भरायला लागल्या नाहीत.

सभासदांना आमची सूचना एवढीच. टोमॅटोची रोपं लावाल त्याच दिवशी वहीत दोन तारखा लिहा. एक शेंडे खुडायची, एक प्लॉट मोडायची. भाव कळायच्या आधी, डोकं थंड असताना लिहा. मग जूनमध्ये झाडं मोजा. मोजणी भारी निघाली तर तारीख पुढे ढकला, आणि त्या वर्षी त्या रानात पूर्वहंगामी धरा. हलकी निघाली तर फुलांकडे पाहू नका.

खोडव्यालाही हीच रीत लावून पाहावी. नांग्या पडलेला, गवताने खाल्लेला खोडवा "आहे तर असू दे" म्हणून आपण किती वेळा राखतो? त्याचीही बेटं एकदा मोजा.

घुग्घुसच्या मावशींना मेहुण्यांच्या फोनवरून निरोप धाडला की तुमच्यामुळे आमची लागण वेळेवर झाली. त्या म्हणाल्या, "बरं झालं जी. माह्या वाडीत कोहळं लागलं हाये, येऊन घेऊन जा."